बर्ड फ्लू यायच्या आधीच ठरवून ठेवा, मेलेल्या कोंबड्या कुठे आणि कशा जाणार

बर्ड फ्लूचं नाव निघालं की सगळे बाजारभावाबद्दल आणि अंडी खायची की नाही याबद्दल बोलतात, पण ज्याच्या शेडमध्ये दहा हजार पक्षी आहेत त्याला रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर पहिला प्रश्न पडतो तो वेगळाच, की एवढं सगळं आता टाकायचं कुठे. आणि या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी शोधायला गेलात तर मिळत नाही. जेसीबीवाला विचारतो आजार माणसाला लागतो का, ट्रकवाला नाही म्हणतो, शेजारी म्हणतात आमच्या विहिरीजवळ खड्डा नको, आणि तोपर्यंत उकाड्यात पक्षी फुगून पाणी सुटायला लागलेलं असतं. म्हणून हे सगळं आज, म्हणजे सगळं ठीक असताना करायचं काम आहे आणि एका निवांत दुपारी निम्मं होतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पक्षी मेला तरी व्हायरस लगेच मरत नाही, विष्ठेत, पिसांत, नाकातोंडातून आलेल्या स्रावात तो राहतो आणि थंडीत तर फारच टिकतो. ४ अंश सेल्सियसला विष्ठेतला एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूच्या व्हायरसचा एक घातक प्रकार, ३५ दिवसांनंतरही जिवंत सापडलाय, ३७ अंशाला मात्र तो साधारण ६ दिवसच टिकला. उष्णता त्याला सहन होत नाही, ५६ अंशाला ३ तासांत आणि ६० अंशाला अर्ध्या तासात तो निकामी होतो. शिवाय त्याच्याभोवती चरबीचं आवरण असतं त्यामुळे साध्या साबणानेसुद्धा तो फुटतो. म्हणजे शत्रू अमर वगैरे नाहीये, पण तो जिथे आहे तिथेच त्याला गाठायचं असतं. मेलेला पक्षी जितका कमी हलवाल, जितक्या कमी हातांतून, कमी गाड्यांतून, कमी रस्त्यांवरून जाईल तितकं चांगलं, आणि मी पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एकाच विचारातून येतं.

पक्षी मोजू नका, वजन मोजा

बहुतेक जण म्हणतात माझ्याकडे दहा हजार पक्षी आहेत. विल्हेवाटीच्या कामात या आकड्याचा काही उपयोग नाही, इथे किलो आणि घनमीटर लागतात. समजा दहा हजार ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या, २ किलोच्या, म्हणजे २० टन. हीच बॅच दहा दिवसांची असेल तर त्याच्या कितीतरी कमी, आणि मोठे ब्रीडर, म्हणजे पिल्लांसाठी ठेवलेले पक्षी, असतील तर दुपटीच्या आसपास. प्लॅन करताना नेहमी बॅचचं सगळ्यात जास्त वजन धरा, विक्रीच्या आदल्या दिवशीचं, कारण आजार कधी येईल ते आपल्या हातात नाही.

आणि लोक जे हमखास विसरतात ते म्हणजे लिटर, शेडच्या जमिनीवर अंथरलेला भुसा किंवा तूस आणि त्यात मिसळलेली विष्ठा. शेड १०० मीटर लांब, १० मीटर रुंद, लिटर ८ सेंटीमीटर जाड, तर ते ८० घनमीटर झालं, आणि ते सगळंच्या सगळं संसर्ग असलेलं धरावं लागतं. मग फीडरमधलं आणि साठवणीच्या बिनमधलं उरलेलं खाद्य, लेयर म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या असतील तर अंडी आणि अंड्यांचे कागदी ट्रे, पिंजऱ्याखालची विष्ठा, पाईपमधलं पाणी, वापरलेले ग्लोव्ह्ज आणि अंगावरचं संरक्षक किट. हे सगळं एका कागदावर लिहा, प्रत्येकासमोर किती आणि कुठे जाणार. पक्ष्यांची व्यवस्था झाली पण विष्ठेची नाही झाली, असा अर्धा प्लॅन असेल तर विष्ठा महिनाभर शेडबाहेर ढीग लावून पडते आणि त्यावर कावळे येतात, मग पक्षी नीट पुरून काय उपयोग झाला.

मेलेले दिसले की पहिले काही तास

मरतूक अचानक वाढली, तुरे निळे पडलेत, खाणं एकदम कमी झालंय, तर सरकारी पशुवैद्यकांना फोन करा आणि तोपर्यंत काहीही पुरू नका, जाळू नका, विकू तर अजिबात नका. सॅम्पल घ्यायचं असतं, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की साथ थांबवायला उरलेले पक्षीही मारावे लागतात, आणि बऱ्याच देशांत नुकसानभरपाई ही अधिकाऱ्यांसमोर मोजून मारलेल्या पक्ष्यांचीच मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही किंवा कमी मिळते, त्यामुळे उशिरा कळवणाऱ्याचं दोन्हीकडून नुकसान होतं. तोपर्यंत रोजची मरतूक झाकणाच्या ड्रममध्ये किंवा जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून शेडमध्येच ठेवा, कुत्रं मांजर आत शिरणार नाही असं बघा. मांजरांचं मी मुद्दाम सांगतोय, एच५एन१ ने मांजरं मरतात, आणि मांजर एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर सहज जातं.

उंदरांसाठी औषध याच दिवशी लावा. शेड रिकामी झाली, खाद्य संपलं की उंदीर तिथे थांबत नाहीत, शेजारच्या शेडकडे निघतात, आणि ही गोष्ट बहुतेक प्लॅनमध्ये नसतेच.

विल्हेवाटीची पद्धत कोणती हे तुम्ही एकटे ठरवत नाही, शेवटचा शब्द अधिकाऱ्यांचा असतो, पर्यावरण खात्याचाही असतो. पण त्यांच्यासमोर तुमच्या जागेचा नकाशा आणि आकडे तयार असले तर निर्णय तासाभरात होतो, नाहीतर दोन दिवस जातात. आणि पक्षी मारायचं काम सुरू करायच्या आधी ते कुठे जाणार हे ठरलेलं पाहिजे. उलट क्रमाने झालं की २० टन पक्षी शेडमध्ये पडून राहतात.

शेडमध्येच कंपोस्ट: जमत असेल तर माझं मत याला

जमिनीवर लिटरवर पक्षी ठेवता ना, आणि शेडमध्ये लोडर फिरायला उंची आणि जागा आहे ना, तर सगळ्यात आधी याचा विचार करा. कारण पक्षी शेडच्या बाहेरच पडत नाही, व्हायरस तिथेच शिजतो. २००४ मध्ये अमेरिकेच्या डेलमार्व्हा भागात एच७एन२ हा बर्ड फ्लूचा दुसरा प्रकार आला तेव्हा हीच पद्धत वापरली, आणि तिथल्याच २०१४-१५ च्या साथीत जिथे ५ कोटीच्या आसपास पक्षी गेले तिथेही खूप फार्मवर कंपोस्टच केलं. त्या साथीत काही लँडफिलवाल्यांनी, म्हणजे कचरा पुरायच्या जागा चालवणाऱ्यांनी, सुरुवातीला पक्षी घ्यायलाच नकार दिला होता, त्यामुळे आपल्या जागेतच होणाऱ्या पद्धतीचं महत्त्व लोकांना चांगलंच कळलं.

ढीग कसा लावायचा ते नीट सांगतो. आधी तळाला २५ ते ३० सेंटीमीटर जाड कोरड्या, भरड मालाचा थर, लाकडाचे तुकडे, लाकडाचा भुसा, तूस, पेंढा, जे मिळेल ते, पण त्याच्यातून हवा खेळली पाहिजे आणि वरून गळणारं पाणी त्याने शोषलं पाहिजे. हा थर दाबायचा नाही, त्यावर लोडरचं चाक जाऊ द्यायचं नाही, एकदा दाबला की खालून हवा बंद आणि ढीग तापतच नाही. त्यावर मधला गाभा, पक्षी आणि लिटर घनफळाने निम्मे निम्मे, एकमेकांत मिसळलेले. थर लावत बसू नका, नुसते पक्ष्यांचे जाड थर झाले की मधे चिखल होतो आणि तिथे उष्णता पोचत नाही, लोडरच्या बकेटमध्ये एक भाग हे एक भाग ते घेऊन मिसळत टाका. मग सगळ्यावर २० ते ३० सेंटीमीटरचं पांघरूण, स्वच्छ कोरड्या मालाचं, एकही पाय, पंख, पीस बाहेर दिसता कामा नये. ढिगाची रुंदी ४ मीटरच्या आसपास आणि उंची २ मीटर, सव्वादोनच्या वर नेऊ नका, जास्त उंच केला की स्वतःच्याच वजनाने दबतो.

माल किती लागेल, तर वरच्याच उदाहरणात २० टन पक्ष्यांना गाभ्यात ५० घनमीटर लिटर सहज जातं, ढिगाची लांबी साधारण ३३ मीटर होते, आणि तळ आणि पांघरूण मिळून अजून ९० घनमीटर स्वच्छ माल लागतो. शेडमधलं लिटर ८० होतं, म्हणजे ५० गाभ्यात गेलं आणि उरलेलं ३० पण ढिगातच घ्यायचं, तेही तापून निघालं पाहिजे, त्यामुळे लांबी थोडी वाढेल. पण तो ९० घनमीटर भुसा किंवा तूस साथ आल्यावर कुठून आणणार, आजूबाजूच्या सगळ्या फार्मना एकाच आठवड्यात तेच हवं असतं. आत्ताच दोन पुरवठादारांशी बोलून ठेवा, त्यांचे नंबर कागदावर, आणि गाडी फार्मच्या गेटबाहेर माल टाकून परत जाईल असं ठरवा, आत नको.

ओलावा हा सगळा खेळ बिघडवतो. ४० ते ६० टक्के ओलावा हवा, आणि ते मोजायला यंत्र लागत नाही, मूठभर मिश्रण घट्ट आवळा, हात ओलसर लागला पण थेंब पडला नाही तर बरोबर, थेंब गळले तर जास्त ओलं, मूठ उघडल्यावर भुगा होऊन पडलं तर कोरडं. पक्षी पाण्याच्या फोमने, म्हणजे फेसाने झाकून, मारले असतील तर ते आधीच भिजलेले असतात, तिथे वेगळं पाणी मारू नका, उलट कोरडा माल वाढवा. गॅसने मारले असतील आणि लिटर कोरडं ठाक असेल तर ढीग लावतानाच फवाऱ्याने पाणी द्यावं लागतं, नंतर वरून ओतलेलं पाणी आत नीट जात नाही. अंडी पण ढिगात जाऊ शकतात, फोडून, पण ती खूप पाणी सोडतात, त्यामुळे कागदी ट्रेसकट आणि जास्त भुशासकट घाला.

मग थर्मामीटर. ९० सेंटीमीटर लांब दांड्याचा कंपोस्टचा थर्मामीटर मिळतो, तो आजच विकत घेऊन ठेवा. रोज, ढिगाच्या लांबीवर सात-आठ जागी, प्रत्येक जागी दोन खोलींवर, एकदा ४५ सेंटीमीटरला आणि एकदा पूर्ण ९० ला, आणि वहीत लिहायचं. ढीग नीट लागला असेल तर दोन-चार दिवसांत चढायला लागतो. आपल्याला हवंय सलग ३ दिवस सरासरी ५५ अंश किंवा वर. पहिले १४ दिवस ढिगाला हात लावायचा नाही, फक्त पांघरूण कुठे खचलं असेल, पाणी झिरपत असेल, माश्या दिसत असतील तर तिथे कोरडा माल टाकायचा. १४ दिवसांनी आकडे दाखवून अधिकाऱ्यांची परवानगी घ्या, ढीग पूर्ण उलटापालटा करा, बाहेरचं आत, परत पांघरूण, परत १४ दिवस, परत तेच तापमान. मऊ मांस तोपर्यंत राहत नाही, हाडं आणि काही पिसं दिसतात ती चालतात. म्हणजे कमीत कमी २८ दिवस शेड अडकणार, हे आधीच मान्य करा आणि कर्जाच्या हप्त्याचा हिशेब त्याप्रमाणे करा.

ढीग तापलाच नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा तीनच कारणं असतात, जास्त ओला, जास्त कोरडा, किंवा दाबला गेलाय. वास येतोय आणि खालून काळं पाणी येतंय तर ओला आहे, भुसा घालून परत लावायचा. वास नाही, माशी नाही आणि उष्णताही नाही तर कोरडा आहे. ज्याने कंपोस्ट आधी केलंय असा एक तरी माणूस पहिल्या दिवशी जवळ हवा, मला वाटतं सगळ्या प्लॅनमध्ये हा एक फोन नंबर सगळ्यात मोलाचा.

पुरायचं असेल तर

पिंजऱ्यातले लेयर असतील, शेडमध्ये मशीन जात नसेल, भुसा मिळतच नसेल तर पुरणं येतं. दिसायला सगळ्यात सोपं, पण चूक झाली तर ती जमिनीखाली वर्षानुवर्षं राहते, कारण पुरलेल्या पक्ष्यांना ढिगासारखी उष्णता मिळत नाही, ते फार सावकाश कुजतात आणि त्यांचं पाणी खाली मुरतं.

जागा आधी शोधा. विहीर, बोअर, ओढा, तलाव यांच्यापासून लांब, किती लांब ते स्थानिक नियमात दिलेलं असतं ते बघा, उताराच्या खालच्या बाजूला विहीर नको, पावसात पाणी तुंबत नाही अशी जागा, रेताड किंवा भेगाळ खडक नको, चिकणमाती असेल तर उत्तम. पावसाळ्याच्या शेवटी तिथे एक चाचणी खड्डा खणून बघा पाणी कितीवर लागतं, कारण त्याच वेळी पाणी सगळ्यात वर असतं, आणि तुमच्या चराचा तळ त्या पाण्याच्या कमीत कमी १ मीटर वर राहिला पाहिजे, जास्त मिळालं तर अजून चांगलं. जमिनीखालून वीज, पाईप, केबल जात नाही ना हेही बघा. आणि जागा शेडपासून जवळ हवी, मधे सार्वजनिक रस्ता ओलांडावा लागत असेल तर दुसरी शोधा.

आकार बघू. मी हिशेबाला एका घनमीटरमध्ये ४०० किलो पक्षी धरतो, थोडं सैलच, म्हणजे त्या दिवशी जागा कमी पडत नाही. २० टन म्हणजे ५० घनमीटर. चर ३ मीटर रुंद, अडीच मीटर खोल, वरचा १ मीटर मातीसाठी राखला तर पक्ष्यांना दीड मीटर मिळतो, म्हणजे लांबीच्या प्रत्येक मीटरला साडेचार घनमीटर, म्हणून ११-१२ मीटर लांब चर पुरतो. आता त्यात ८० घनमीटर लिटर पण घालायचं ठरलं तर १३० होतात आणि चर २९ मीटर लांब होतो. लिटर धरलं नसतं तर हे खणताना कळलं असतं, म्हणून वर एवढं सांगितलं. माती कच्ची असेल तर भिंती तिरप्या कापाव्या लागतात, त्याने वर जागा जास्त जाते, ती पण धरा.

चरात माणसाने उतरायचं नाही. कोणत्याही कारणाने नाही, फावडं पडलं तरी नाही. अडीच मीटरच्या उभ्या भिंती सांगून ढासळत नाहीत. काठापासून माणसं लांब, मशीन काठाला समांतर न लावता एका टोकाकडून, आणि एक माणूस फक्त लक्ष ठेवायला, त्याला दुसरं काम द्यायचं नाही.

चुन्याबद्दल बराच गैरसमज आहे. लोक पक्ष्यांवर थेट चुना ओततात, जितका जास्त तितकं चांगलं असं वाटतं, पण चुना थेट अंगावर पडला की कुजण्याची क्रिया मंदावते आणि ते पक्षी तसेच राहतात. आधी पक्ष्यांवर ४० सेंटीमीटरच्या आसपास माती घाला, मग चुन्याचा सलग थर, मग उरलेली माती. चुन्याचं काम गांडुळांनी खालचं वर आणू नये, जनावरांनी उकरू नये हे आहे. चुना टाकताना डोळ्यांवर गॉगल असू द्या, कळीचा चुना डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. पक्षी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून पुरू नका, पिशवीत ते कुजत नाहीत. सगळ्यात वर माती ढिगासारखी उंच ठेवा, कारण आतलं कुजलं की ती खाली बसणार, आणि रोलर वगैरे फिरवून दाबू नका, गॅसला वाट हवी.

जाळणं आणि बाहेर नेणं

उघड्यावर लाकडं रचून जाळणं मला पटत नाही. कोंबडीच्या अंगात दोन तृतीयांश पाणीच असतं, ते उडवायला प्रचंड लाकूड जातं, अर्धवट जळलेले तुकडे राहतात, गरम हवेबरोबर पिसं उडतात, आणि धुराने आजूबाजूचा गाव चिडतो तो वेगळा. बंदिस्त इन्सिनरेटर, म्हणजे जाळायची भट्टी, चांगला, पण त्याची दिवसाची क्षमता किलोत विचारा. तासाला १०० किलो जाळणारं मशीन २० टनाला २०० तास घेतं, म्हणजे दिवसरात्र चालवलं तरी आठ दिवसांच्या वर. थोड्या पक्ष्यांना ते ठीक आहे.

रेंडरिंग प्लांट, म्हणजे मेलेली जनावरं शिजवून चरबी आणि भुकटी वेगळी करणारा कारखाना, किंवा अस्तर घातलेलं, झिरपणारं पाणी गोळा करणारं लँडफिल हे पर्याय असतील तर त्यांच्याकडून आत्ताच लेखी घ्या की साथीत ते बर्ड फ्लूचे पक्षी घेतील का, दिवसाला किती टन, कुठल्या वेळेत. तोंडी हो वर जाऊ नका. गाडी गळकी नको, आत जाड प्लॅस्टिकचं अस्तर, तळाला भुसा, वर काठोकाठ भरायची नाही कारण पक्षी वाटेत फुगतात, वरून अस्तर दुमडून ताडपत्री घट्ट बांधायची. टायर, मडगार्ड, चेसिस फार्म सोडताना धुवून फवारायचे आणि उतरवल्यावर परत. रस्ता नकाशावर आखा, दुसऱ्या पोल्ट्रीवरून जाणारा जवळचा रस्ता सोडून लांबचा घ्या. ड्रायव्हरने केबिनमधून उतरायचं नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात बर्ड फ्लूच्या साथीत १९७ फार्मवर मिळून ४७ लाख पक्षी गेले होते, एवढ्या मालाच्या गाड्या रस्त्यावर येणं म्हणजे काय ते डोळ्यासमोर आणा, आणि मग परत वाटतं की जागच्या जागी झालं तर किती बरं.

काम करणारी माणसं

इथे काटकसर नको. २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत पक्षी मारायचं काम करणाऱ्या कामगारांना लागण झाली, शेडमध्ये तापमान ४० अंशाच्या वर होतं आणि मोठे पंखे चालू होते, त्यामुळे मास्क आणि गॉगल नीट बसत नव्हते. म्हणजे किट दिलं की झालं असं नाही, ते घालून काम करता आलं पाहिजे. एन९५ मास्क, बाजूने बंद गॉगल, पाणी न शोषणारं कव्हरऑल, दुहेरी ग्लोव्ह्ज, रबरी बूट, हे माणशी एक नाही, प्रत्येक ब्रेकला नवीन धरून मोजा, कारण एकदा काढलेलं परत घालायचं नाही. उकाड्यात काम पहाटे आणि संध्याकाळी ठेवा, छोट्या पाळ्या करा, सावली आणि पिण्याचं पाणी स्वच्छ बाजूला ठेवा.

किट काढताना लागण होण्याची शक्यता जास्त, कारण माणूस थकलेला असतो आणि घाई असते. आधी बूट धुवा, मग बाहेरचे ग्लोव्ह्ज, मग कव्हरऑल आतली बाजू बाहेर करत गुंडाळून, मग आतले ग्लोव्ह्ज काढून साबणाने हात, मग गॉगल, सगळ्यात शेवटी मास्क, आणि परत हात. कपडे तिथेच बदलून अंघोळ करून घरी. कोणी कुठल्या दिवशी काम केलं याची यादी ठेवा, शेवटच्या दिवसानंतर १० दिवस रोज ताप बघा, आणि डोळे लाल होणं हे पण लक्षण आहे हे प्रत्येकाला सांगा, बऱ्याच जणांना फक्त तेवढंच होतं आणि ते धूळ गेली म्हणून सोडून देतात. प्रतिबंधक गोळ्या लागतील का ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आणि नेहमीच्या फ्लूची लस या लोकांना दरवर्षी द्या, कारण एकाच माणसाला दोन्ही फ्लू एकदम झाले तर व्हायरसची सरमिसळ व्हायची भीती असते. घरातली लहान मुलं, गरोदर बायका, दम्याचे पेशंट या कामाला नकोत. ज्यांच्या घरी चार कोंबड्या आहेत तेही नकोत.

आणि स्वतःच्या हाताने वाढवलेले पक्षी असे जाताना बघणं सोपं नसतं. मालकाने सगळं स्वतः उभं राहून करायचा हट्ट धरू नये, मोजणी आणि सही करायला हजर राहा, बाकी दुसऱ्याला करू द्या.

चार-दहा कोंबड्यांची गोष्ट

परसातल्या कोंबड्या मेल्या तरी नियम तोच, आधी कळवा. हात लावावाच लागला तर ग्लोव्ह्ज नसतील तर पिशवी हातात उलटी घालून पक्षी उचला, पिशवी उलटवून गाठ मारा, दुसऱ्या पिशवीत घाला, हात साबणाने धुवा. पुरायला सांगितलं तर पिशवीतून काढून, विहिरीपासून लांब, वर निदान १ मीटर माती राहील एवढा खोल खड्डा, आणि वर जड दगड. नदीत, कॅनॉलमध्ये, उकिरड्यावर नाही, कुत्र्याला घालायच्या नाहीत.

शेड आणि नंतरचं

पक्षी गेले की पाण्याचा पाईप लगेच हातात घेऊ नका. आधी कोरडी सफाई, खरवडून, झाडून, ते सगळं ढिगात किंवा चरात, मग डिटर्जंटने धुणं, वाळू देणं, आणि मग जंतुनाशक. क्लोरीन विष्ठेवर टाकलं तर ते विष्ठेशीच लढून संपतं, व्हायरसपर्यंत पोचत नाही. धुतलेलं पाणी ओढ्यात जाणार नाही अशी तात्पुरती चारी काढून ते एका जागी अडवा.

चराची जागा नकाशावर, जीपीएससकट, तारीख आणि टन लिहून फाईलमध्ये ठेवा, एक प्रत अधिकाऱ्यांना. भोवती कुंपण घाला, तिथे बोअर नको, नांगर नको, गुरं चारायला नकोत. कंपोस्ट झालेला माल शेतात टाकायचा तर लेखी परवानगी घेऊन, आणि पोल्ट्रीच्या आसपासच्या शेतात नाही. पहिले दोन-तीन महिने दर आठवड्याला चरावरून एक चक्कर मारा, माती बसून खळगा झाला असेल तर भर घाला, कारण त्या खळग्यात पावसाचं पाणी साठलं की ते सरळ खाली पक्ष्यांतून जातं. पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी तर नक्की जा, आणि जवळच्या विहिरीचं पाणी तपासायला द्या, फक्त तुमच्या नाही, शेजाऱ्यांच्या पण.